सिझरची तारीख ठरली, दुखण्याचं काय?

मागच्या आठवड्यात भुलीच्या आधीच्या तपासणीला एक जोडपं आलं होतं. दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर, त्यामुळे हेही सिझर आणि तारीख आधीच नक्की. मुहूर्त काढून आणलेला होता, अकरा चाळीस ते बारा वीस. खोली कुठली घ्यायची, मोठ्या मुलीला कोण सांभाळणार, डिंकाचे लाडू कोणाकडून येणार, सगळं ठरलेलं. मी विचारलं, "मागच्या वेळी ऑपरेशननंतर किती दुखलं होतं?" ती नवऱ्याकडे बघून कसनुसं हसली. "दुसऱ्या रात्री रडले होते मॅडम. पण ते काय, असतंच ना."

नवऱ्याने फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात होती, 'पेनलेस सिझर'. "हे आपल्याकडे होतं का? यात नेमकं देतात काय?"

मी पुण्यात भूल देते. कोथरूडपासून हडपसरपर्यंत, एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात. हा प्रश्न आता महिन्यातून तीन-चारदा तरी येतो, आणि यावा अशीच परिस्थिती आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आढळली. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के. म्हणजे खासगीत जवळपास दर दुसरी बाळंतीण पोटावर टाके घेऊन घरी जाते. आणि नंतरच्या दुखण्याबद्दल तिला आधी कोणी बसून सांगितलेलं असतंच असं नाही.

दुखणं एक नाही, तीन आहेत

सिझरचा छेद बहुतेक वेळा ओटीपोटावर आडवा असतो. त्वचा, चरबी, स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण, आणि मग गर्भाशय. पहिलं दुखणं या भिंतीचं. ते बोट ठेवून दाखवता येतं. कुशीवर वळताना, खोकताना, पलंगावरून उतरताना सुरी फिरल्यासारखं होतं. बायका म्हणतात, "टाके ओढतात."

दुसरं गर्भाशयाचं. बाळ बाहेर आलं की ते आकसायला लागतं आणि त्याच्या कळा येतात. बाळ छातीशी ओढायला लागलं की शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं, आणि त्याच संप्रेरकाने गर्भाशय आवळतं. म्हणून पाजताना ओटीपोटात पिळवटतं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात हे जास्त, त्यामुळे "पहिल्या वेळी एवढं नव्हतं" ही तक्रार खरीच असते.

तिसरं गॅसचं. आतडी मंदावलेली, पोट नगाऱ्यासारखं, कधीकधी चक्क खांदा दुखतो. यावर वेदनाशामकं फारशी चालत नाहीत. लवकर थोडंथोडं खाणं आणि चालणं चालतं. आणि हे ऐकून सासूबाई हसतात, पण चुइंगम चघळल्याने आतडी लवकर जागी होतात, याचे चांगले पुरावे आहेत.

ही तीन दुखणी वेगळी ठेवा, कारण जाहिरातीतलं एकच इंजेक्शन तिन्हींवर काम करत नाही.

कमरेतली भूल कधी उतरते

वेदना म्हणजे निरोप. जखमेतून निघतो, नसांमधून मज्जारज्जूत जातो आणि तिथून मेंदूत. सोसायटीतल्या पाण्याची कल्पना करा. पाणी तीन ठिकाणी अडवता येतं: गच्चीवरच्या टाकीचा मेन व्हॉल्व्ह, मजल्यावरचा कॉक, आणि नळाचा वायसर. वेदनेची दिशा उलटी, पण अडवायच्या जागा तशाच.

ठरवून केलेल्या सिझरला बहुतेकदा कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने औषध देतात. हिला स्पायनल म्हणतात. हा मेन व्हॉल्व्ह. पाच-दहा मिनिटांत छातीखालचं सगळं बधिर, आई जागी, बाळाचं रडणं तिला ऐकू येतं. पण हा व्हॉल्व्ह दोन-तीन तासांत आपोआप उघडतो. बाराला भूल दिली तर तीनच्या सुमारास पाय हलायला लागतात, आणि पाठोपाठ दुखणं येतं.

गुरुवारी महापालिका पाणी बंद ठेवणार असेल तर आपण काय करतो? बुधवारी रात्रीच पिंपं भरतो. गुरुवारी दुपारी नळ कोरडा पडल्यावर बादली शोधत नाही. सिझरच्या दुखण्याचं हेच आहे. भूल उतरायच्या आत पुढचं औषध अंगात पोचलेलं हवं. पुढे मी ज्या पद्धती सांगणार आहे त्यांची तुलना या एका प्रश्नावर करायची: कुठलं दुखणं आणि कुठले तास ही पद्धत भरून काढते?

चिमूटभर मॉर्फिन

स्पायनलच्या त्याच सिरिंजमध्ये थोडं मॉर्फिन मिसळलं तर दुखण्याचा जोर साधारण १२ ते २४ तास कमी राहतो. वेगळी सुई लागत नाही. आणि ते टाक्यांवरही चालतं, गर्भाशयाच्या कळांवरही. ठरवून केलेल्या सिझरसाठी आजही ही पहिल्या पसंतीची पद्धत मानली जाते.

मॉर्फिन म्हटल्यावर घरच्यांचे चेहरे बदलतात. म्हणून मात्रा सांगते: १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. दंडात इंजेक्शन द्यायचं तर १० मिलिग्रॅम लागतं, शंभरपट. अख्ख्या सोसायटीत लाउडस्पीकर लावण्यापेक्षा एका फ्लॅटचं दार वाजवून सांगितलं, तर कुजबुजही पुरते. या एका डोसाने व्यसन लागत नाही. आईच्या रक्तात जे उतरतं ते इतकं कमी असतं की दुधातून बाळाकडे जाणारं औषध नगण्य.

तोटे आहेतच. खाज हा सगळ्यात नेहमीचा, नाकावर आणि चेहऱ्यावर. मळमळ होते. क्वचित श्वास मंदावतो, म्हणून त्या रात्री ठरावीक वेळाने कोणीतरी श्वास मोजायला आणि गुंगी किती आहे ते बघायला हवं. ज्या ठिकाणी रात्री तीन मजल्यांना मिळून एकच सिस्टर असते, तिथे मी मॉर्फिन देत नाही. हा माझा निर्णय आहे, काही सहकारी वेगळा घेतात.

दुसरी अडचण कागदांची. मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांसाठीची परवानगी सोपी झाली, तरी रजिस्टर, कुलूपबंद कपाट, प्रत्येक थेंबाचा हिशेब ही कटकट लहान नर्सिंग होम्स अजूनही अंगावर घेत नाहीत. मॉर्फिन नसतं तिथे स्पायनलमध्ये बऱ्याचदा त्याच्याच गटातलं फेंटॅनिल मिसळतात; कायदा त्यालाही हाच लागू आहे. ते ऑपरेशनच्या वेळी उत्तम, पण तीन-चार तासांत ओसरतं. 'स्पायनलमध्ये पेनकिलर घातलंय' असं सांगितलं तर कुठलं घातलंय ते विचारा. संध्याकाळ आणि मध्यरात्र यांच्यातला फरक तिथे आहे.

पोटाच्या भिंतीतला ब्लॉक

जाहिरातीतलं 'पेनलेस' बहुतेक वेळा हेच असतं. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात, आणि आतल्या दोन थरांच्या मधून नसा जातात. सोनोग्राफीवर बघत त्या फटीत दोन्ही बाजूंना बधिरतेचं औषध सोडायचं. हा टॅप ब्लॉक. २००१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं. सोनोग्राफीची जोड नंतर मिळाली. याचाच थोडा मागच्या बाजूने द्यायचा भाऊ म्हणजे क्वाड्रेटस लंबोरम ब्लॉक. नाव मोठं, कल्पना तीच.

हा आपला मजल्यावरचा कॉक. एका इंजेक्शनने साधारण सहा ते बारा तास टाक्यांचं दुखणं बरंच कमी होतं. खाज नाही, गुंगी नाही. पण गर्भाशयाची पाइपलाइन वेगळी आहे, ती या कॉकवरून जातच नाही. त्यामुळे टॅप ब्लॉक दिलेली बाई पलंगावर आरामात वळते आणि बाळाला पाजायला घेतलं की कळवळते. मग घरचे म्हणतात, पैसे वाया गेले. तसं नसतं. ब्लॉक त्याचं काम करत असतो, दुखणं दुसरंच असतं.

स्पायनलमध्ये मॉर्फिन दिलेलं असेल तर वर टॅप ब्लॉक दिल्याने मिळणारा जादा फायदा फार थोडा. मॉर्फिन नसेल तिथे मात्र ब्लॉक खरंच कामाचा. दोन्हींचे पैसे लावलेलं बिल दिसलं तर कारण विचारायला हरकत नाही.

पुण्यातल्या माझ्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञांची आणखी एक गंमत. ब्लॉकसाठी सोनोग्राफी मशीन लागतं. गर्भलिंग निदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्यामुळे ते नोंदणी केलेल्या जागीच वापरता येतं. कायदा हवाच. पण लॅपटॉपएवढं मशीन स्कूटरच्या डिकीत टाकून मी एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात जाऊ शकत नाही. म्हणून ब्लॉक मिळणार का, हे तुम्ही कुठे बाळंत होताय यावर ठरतं.

त्याच्याजवळ जाणारा स्वस्त पर्याय आहे. टाके घालतानाच स्त्रीरोगतज्ज्ञ जखमेच्या कडांमध्ये बधिरतेचं औषध टोचतात. मशीन नको, वेगळा तज्ज्ञ नको, दोन मिनिटांचं काम. याच्या आणि टॅप ब्लॉकच्या परिणामात फार मोठं अंतर नाही. मला विचाराल तर लहान नर्सिंग होममध्ये हे न करणं म्हणजे आळस आहे. औषधाची मात्रा मात्र वजनावरून ठरते. ब्लॉक आणि जखमेतलं इंजेक्शन दोन्ही पूर्ण मात्रेत देता येत नाहीत.

एपिड्युरलची, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून आत घातलेली बारीक नळी ठेवून औषध सोडत राहणं, किंवा बाईने स्वतः बटण दाबून औषध घ्यायचा पंप, हेही आहे. पण ठरवून केलेल्या साध्या सिझरला बहुतेकदा त्याची गरज पडत नाही, आणि नळ्या जितक्या जास्त तितकं उठणं-चालणं लांबतं.

साध्या गोळ्यांचा दबदबा

आता ज्यांची जाहिरात कोणी करत नाही ती दोन औषधं. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. हे नळाचे वायसर.

तापाची गोळी सिझरच्या दुखण्याला काय पुरणार, असं वाटतं. एकटी नाही पुरत. पण दोघी मिळून, वेळच्या वेळी, पहिले दोन-तीन दिवस न चुकता दिल्या तर बाकीच्या सगळ्या पद्धतींचा पाया याच होतात. डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनू देत नाहीत. जखमेची सूज आणि गर्भाशयाच्या कळा, दोन्हींमागे तेच रसायन. म्हणजे टॅप ब्लॉक जिथे हात टेकतो, तिथे ही वीस रुपयांची स्ट्रिप कामाला येते.

सुरुवातीला तोंडाने घेता येत नाही म्हणून पॅरासिटामॉल सलाईनमधून देतात, आणि डायक्लोफिनॅक टेबलावरच शौचाच्या जागेतून ठेवतात. बायका संकोचतात, पण भूल उतरलेलीच नसते, त्यामुळे तेव्हा काही कळतही नाही.

पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दर सहा तासांनी १ ग्रॅम, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर त्याहून कमी. इथे एक घोळ नेहमी होतो. आपल्याकडच्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्या मिश्र असतात, एकाच गोळीत पॅरासिटामॉल आणि दुसरं काहीतरी. घरी गेल्यावर डॉक्टरांनी दिलेली एक, केमिस्टने दिलेली दुसरी, वर ताप वाटला म्हणून तिसरी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. किडनीचा त्रास, अल्सर, या गोळ्यांनी उसळणारा दमा, जास्त रक्तस्राव किंवा गरोदरपणातलं तीव्र ब्लडप्रेशर असेल तर डायक्लोफिनॅकच्या गटातली औषधं टाळावी लागतात. हे आधीच सांगा, कारण मग बाकीचं गणित बदलतं.

'एसओएस' नावाचा खड्डा

आता त्या दुसऱ्या रात्रीबद्दल, कारण सगळ्या पद्धती बरोबर असूनही बाई रडते ती इथे.

अशी एक रात्र मी जवळून बघितली आहे. रात्रीचे दोन. बाई पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून अर्धी उठलेली, दुसऱ्या हाताने पोटावर उशी दाबलेली. लघवीला जायचंय, पण पाय खाली टेकवत नाही. कपाळावर घाम. आई शेजारी उभी, म्हणतेय, "कळ सोस गं, सकाळी डॉक्टर येतील." मी फाइल उघडली. वेदनाशामकाच्या ओळीपुढे लिहिलं होतं, 'एसओएस'. म्हणजे लागलं तर द्या. शेवटचा डोस दुपारी चारचा.

'लागलं तर' म्हणजे काय होतं बघा. आधी दुखायला हवं. मग तिने अर्धा तास विचार करायचा की सांगू का. मग आईने थांब म्हणायचं. मग कोणीतरी काउंटरवर जायचं, सिस्टर दुसऱ्या खोलीत सलाईन लावत असते, ती येते, गोळी देते, गोळी चढायला आणखी अर्धा-पाऊण तास. तोवर दुखणं इतकं वर गेलेलं असतं की एका गोळीने खाली येत नाही. तिथे तिला महागडा ब्लॉक मिळाला असता तरी दुसऱ्या रात्रीपर्यंत तो कधीच उतरलेला असता.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घड्याळाच्या हिशेबाने लिहिलेल्या हव्यात, दुखो वा न दुखो. 'एसओएस' त्याच्या वरच्या जोरदार औषधासाठी राखून ठेवायचं.

सिस्टर विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" आपल्या बायका झोपून राहिलेल्या असताना "दोन" म्हणतात. खरं मोजमाप उठताना घ्यायचं. पडून दोन आणि उठताना आठ असेल तर आठच सांगा.

"औषध दुधातून बाळाला जाईल"

या भीतीने गोळी उशीखाली लपवणाऱ्या बाळंतिणी मी बघितल्या आहेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुधात अगदी थोडं उतरतं, आणि पहिल्या दोन दिवसांत तर एका वेळी चीकच चमचा-दोन चमचे येतो. अंगावर पाजताना ही औषधं चालतात. उलट आई दुखण्याने आखडून बसली तर बाळाला नीट धरता येत नाही, आणि तिथून दुधाच्या तक्रारी सुरू होतात.

ट्रॅमाडॉल या जोरदार वेदनाशामकाबद्दल मात्र भीती अगदीच निराधार नाही. आपल्याकडे ते सर्रास दिलं जातं. काही लोकांचं यकृत त्याचं नेहमीपेक्षा खूप वेगाने तीव्र रूपात रूपांतर करतं, आणि कोण असं आहे ते आधी कळत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, अंगावर पाजणाऱ्या आयांनी ट्रॅमाडॉल आणि कोडीन घेऊ नये असा इशारा दिला. पहिल्या एक-दोन दिवसांत, कमी मात्रेत, बाळावर लक्ष ठेवून ते देणारे डॉक्टरही बरेच आहेत. मी ते पहिलं औषध म्हणून लिहीत नाही. दिलं असेल आणि बाळ पाजायलाही उठत नसेल, ढिलं वाटत असेल, श्वास अडखळत असेल तर लगेच बोलवा.

"पाठीत सुई घेतली की पाठ कायमची जाते"

सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, तेवढंच. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचा स्पायनलशी संबंध सिद्ध झालेला नाही. नऊ महिने पुढे आलेलं पोट, सैल झालेले सांधे आणि पलंगावर वाकून पाजण्याची सवय, ही नेहमीची कारणं. सामान्य बाळंतपण झालेल्या, सुई न घेतलेल्या बायकांचीही पाठ दुखते, पण तिथे दोष द्यायला सुई नसते.

डोकेदुखी मात्र खरी. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअरने पहिल्यांदा स्पायनल दिली, स्वतःवरही प्रयोग करून घेतला, आणि नंतर कित्येक दिवस त्याला डोकं उचलता येईना. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आताच्या बारीक, पेन्सिलीच्या टोकासारख्या सुयांनी ही डोकेदुखी शंभरात एखादीला होते. बसलं की वाढते, आडवं झालं की थांबते, ही तिची खूण. आणि उशी न घेता चोवीस तास सपाट झोपवून ठेवल्याने ती टळते, असा पुरावा नाही. उशी घ्या.

"आमच्या वेळी कुठं होतं हे?"

सासूबाईंचा हा प्रश्न टाळू नये, कारण त्यांच्या पोतडीत एक उपयोगी गोष्ट आहे. जुन्या लुगड्याने पोट घट्ट बांधायचं. वेगवेगळ्या ऑपरेशनांनंतरच्या वेदनेवर शिफारशी काढणारा 'प्रॉस्पेक्ट' नावाचा युरोपीय तज्ज्ञांचा गट आहे. ठरवून केलेल्या सिझरसाठी त्यांची सुधारित यादी २०२० च्या शेवटी प्रसिद्ध झाली. स्पायनलमधलं मॉर्फिन, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकचा गट, डेक्सामिथॅसोन या स्टेरॉइडचा एक डोस, मॉर्फिन नसेल तर ब्लॉक किंवा जखमेतलं इंजेक्शन, आणि त्याच यादीत पोटाचा पट्टा. पोट आत जाण्यासाठी नाही, दुखणं कमी होण्यासाठी. सासूबाईंना हे सांगितलं की पुढची चर्चा सोपी जाते.

'सोसायचं' या भागाशी मात्र मी सहमत नाही. दुखतं म्हणून पडून राहिलेल्या बाईच्या पायात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते, खोकला दाबला जातो, पोट फुगलेलंच राहतं. पहिल्या काही दिवसांत ज्यांना फार तीव्र दुखतं, त्यांच्यात महिनोन्‌महिने चालणारं दुखणं जास्त आढळतं.

आणि 'पेनलेस'? शून्य दुखणं असा शब्द मी कोणाला देत नाही. उठून बाळाला घेता यावं, संडासला जाता यावं, दोन-तीन तास सलग झोप लागावी, इतपत खाली आणता येतं.

कधी गोळीने भागवू नये

दुखणं रोज थोडं उतरायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते चढायला लागलं, ताप आला, टाक्यांतून पू किंवा घाण वास आला, एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, लघवी होईना, किंवा भूल उतरायची वेळ उलटून गेली तरी पाय जड आणि बधिर राहिले, तर गोळी वाढवत बसू नका. डॉक्टरांना रात्री उठवा. आम्हाला सवय असते.

त्या जोडप्याच्या नर्सिंग होममध्ये मॉर्फिन नव्हतं, सोनोग्राफीवर ब्लॉकही नव्हता. फाइलवर आम्ही लिहिलं: स्पायनलमध्ये फेंटॅनिल, टाके घालताना जखमेत इंजेक्शन, टेबलावर डायक्लोफिनॅक, थिएटरमधून निघायच्या आत पॅरासिटामॉलचं सलाईन. पुढे पॅरासिटामॉल सातला, एकला, सातला, एकला. डायक्लोफिनॅक दर आठ तासांनी. त्यानंतरही उठताना पाचच्या वर दुखलं तर काय द्यायचं, ते खाली वेगळं.

"रात्री एकला सिस्टर उठवतील?" तिने विचारलं.

"उठवायला हवं. पण यांनाही गजर लावायला सांगा."

नवऱ्याने तिथेच फोन काढला. अकरा चाळीसच्या गजराखाली त्याने रात्री एकचा गजर लावला आणि नाव काय द्यायचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "गोळी लिही."